घोडी वाचली, मग मुलाला जुलाब कुठून लागले?



पौषातली गोष्ट आहे. सकाळच्या ओपीडीला धुळ्यातल्या माझ्या दवाखान्यात सतरा वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या खांद्यावर मान टाकून आला. ताप १०३, चार दिवसांपासून जुलाब, आदल्या रात्रीपासून शौचातून आव आणि रक्त. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, सकाळपासून लघवी नाही. वडील घोडीवाले, म्हणजे लग्नात नवरदेवासाठी घोडी देण्याचा त्यांचा घरचा धंदा. ते म्हणाले, "डाक्तरसाहेब, घोडी वाचनी, आते पोऱ्या पडना."

मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. जुलाबाच्या पेशंटला आम्ही जे विचारतो तेच विचारत बसलो. बाहेर काय खाल्लं? पाणी कुठलं प्यायलास? लग्नात जेवलास का? (पौषात कुठली आली लग्नं, हेही माझ्या लक्षात आलं नाही.) घरात आणखी कुणाला होतंय का? यावर वडील म्हणाले, "घरात कुणाला नाही, घोडीलाच झालं होतं. इस्पितळात." तेव्हा कुठे माझं पेन थांबलं.

आजचा लेख घोड्यांबद्दल आहे. तुम्ही म्हणाल, माणसांच्या डॉक्टरला घोड्यांशी काय करायचंय? पण इस्पितळात दाखल असताना जुलाब का लागतात आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, हे मला पुस्तकापेक्षा त्या घोडीमुळे जास्त नीट समजलं. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहितोय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घोडी नवीच होती. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली, पांढरीशुभ्र नुकरा. आपल्याकडच्या वाचकांना सारंगखेडा सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: तापीकाठचं हे गाव शहादा तालुक्यात आहे, आज नंदुरबार जिल्ह्यात आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे असे ठिकठिकाणचे घोडे एकाच मैदानात येतात. इतक्या लांबून आलेली जनावरं जवळजवळ बांधली जातात, तेव्हा त्यांच्या आतड्यांतले जंतूही एकमेकांना भेटतात, हा विचार माझ्याही मनात पूर्वी कधी आला नव्हता.

पिकअपमधून घोडी धुळ्याला आली. नवा गोठा, नवं पाणी, चाऱ्यात बदल. आठवड्याभरात तिला पोटशूळ उठला. ती जमिनीवर लोळायला लागली, पोटाकडे वळून वळून बघायला लागली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर रात्री येऊन गेले. त्यांनी नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, इंजेक्शनं दिली आणि सांगितलं की हिला मोठ्या ठिकाणी न्या. एका मोठ्या शहरातल्या जनावरांच्या इस्पितळात तिला नेलं. तिथे ऑपरेशन झालं आणि घोडी वाचली. चौथ्या दिवशी शेजारच्या कप्प्यातल्या शिंगराला जुलाब लागले, मग आणखी दोन घोड्यांना, आणि सहाव्या दिवशी हिला. शिंगरू दगावलं.

हा मुलगा ते सगळे दिवस घोडीजवळ होता. तिच्या कप्प्याबाहेर पोतं टाकून झोपायचा, लीद उचलायचा, शेपूट धुवायचा आणि भूक लागली की तिथेच बसून वडापाव खायचा.

आता जरा घोड्याचं पोट समजून घेऊ. घोडा गवत खातो, पण गाईसारखा रवंथ करत नाही. गवत कुजवून त्यातून ताकद काढण्याचं काम त्याच्या मोठ्या आतड्यात होतं. तिथे सुरुवातीलाच तीसेक लिटरची एक पिशवी असते आणि तिच्यापुढे त्याहून मोठं, घड्या घातलेलं आतडं. या सगळ्यात अब्जावधी जंतू चोवीस तास राबत असतात. आपलं मोठं आतडं दिवसाला साधारण दीड लिटर पाणी शोषून घेतं, घोड्याचं आतडं शंभर लिटरच्या घरात. म्हणजे ते बिघडलं तर किती पाणी वाया जाईल, याचा हिशेब करा. माणसाला जुलाब झाले तर आपण दोन-चार बाटल्या सलाईन लावतो. घोड्याला कॅनच्या कॅन लागतात. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं वरून बाहेर पडायची सोयच नाही. जंतूंचं विष रक्तात उतरलं की खुराच्या आतल्या थराला सूज येते आणि जुलाब थांबले तरी घोडा उभा राहू शकत नाही. लग्नाच्या घोडीचं यात काय होईल, ते वडिलांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

हे राबणारे जंतू म्हणजे एक भरलेला बाजार समजा. बाजारात जागा नसली की बाहेरच्या माणसाला दुकान मांडता येत नाही. पण इस्पितळात काय होतं? लांबचा प्रवास झालेला असतो, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असतं, चारा बदललेला असतो, जनावर घाबरलेलं असतं आणि त्यावर अँटिबायोटिक. बाजार उठतो. मग साल्मोनेला किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूंना मोकळं मैदान मिळतं. अँटिबायोटिक किती नाजूक गोष्ट आहे याचं एक उदाहरण स्वीडनमधलं आहे. १९९०च्या दशकात तिथे शिंगरांच्या न्यूमोनियावर एरिथ्रोमायसिन दिलं जात होतं. शिंगरं सुधारत होती, पण त्यांच्या आयांनाच भयंकर जुलाब लागून काही घोड्या मेल्या. आईने पिल्लाला चाटलं, पिल्लाच्या लिदेला तोंड लावलं, त्यातून औषधाचा अगदी थोडासा अंश तिच्या पोटात गेला. तेवढा पुरला. आपण मेडिकलवरून 'दोन गोळ्या द्या' म्हणून घेतो ना, तेव्हा ही घोडी आठवत जा.

साल्मोनेला या नावाचा सामन माशाशी संबंध नाही, बरं का. डॅनियल सामन नावाच्या अमेरिकन पशुवैद्याच्या नावावरून ते पडलं. १८८५ मध्ये त्याच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथने हा जंतू डुकरांमध्ये शोधला. टायफॉइडचा जंतू याच घराण्यातला, पण तो माणसातच राहतो. आपण ज्याबद्दल बोलतोय ते त्याचे भाऊबंद: कोंबडी, डुक्कर, गाय, घोडा, माणूस, त्यांना कुणीही चालतं.

या जंतूची एक खोडी लक्षात ठेवा. काही घोडे अगदी ठणठणीत दिसतात, पण लिदेतून साल्मोनेला टाकत असतात, तोही रोज नाही, अधूनमधून. प्रवास, उपास, आजारपण असा ताण आला की टाकण्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे मुलाचे वडील जेव्हा संतापून म्हणाले, "इस्पितळानेच रोग दिला," तेव्हा मी म्हटलं, "असेलही. पण कदाचित तुमच्या घोडीनेच तो सारंगखेड्याहून आणला असेल आणि त्या शिंगराला दिला असेल." त्यांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, "घोडीची रक्ततपासणी झालेली आहे, कागद आहे माझ्याकडे." तो कागद ग्लँडर्स नावाच्या वेगळ्या रोगाचा होता. घोड्यांच्या मेळ्यांसाठी तो मागतात, आणि हरियाणात हिसारला जे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे ते या तपासणीसाठी ओळखलं जातं. तपासणी आवश्यकच आहे, पण तिचा पोटातल्या साल्मोनेलाशी काही संबंध नाही. एका रोगाचा दाखला म्हणजे सगळ्या रोगांचा दाखला, असं आपण माणसांच्या बाबतीतही धरून चालतो. 'फुल बॉडी चेकअप' नॉर्मल आला की झालं!

मुलाला मी दाखल करून घेतलं. येण्याआधी त्याने तीन दिवस मेडिकलवरून आणलेली जुलाबाची जोडगोळी खाल्ली होती आणि जुलाब 'बंद करणारी' गोळीही. ताप आणि शौचातून रक्त असताना जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये, कारण आतडं जी घाण बाहेर ढकलतंय तीच आपण आत कोंडतो. त्याच्या किडनीवर ताण आलेला रिपोर्टमध्ये दिसत होता. सलाईन, मीठ-साखरेचं पाणी, आणि आजार अंगात शिरतोय अशी लक्षणं होती म्हणून एक निवडून दिलेलं अँटिबायोटिक. एरवी धडधाकट माणसाच्या साध्या साल्मोनेला जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही. उलट, त्याने जंतू शौचातून जास्त दिवस पडत राहू शकतो. शौचाच्या कल्चरमध्ये साल्मोनेला आला. मी पशुवैद्यांना फोन लावला. घोडीच्या लिदेतही तोच आला होता. दोन्ही जंतू अगदी एकाच वंशाचे होते का, हे ठरवणारी तपासणी आम्ही केली नाही, पण वडापाव खाणारे ते हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते.

पाचव्या दिवशी मुलगा घरी गेला. घरात दोन वर्षांची पुतणी आणि साखरेचा त्रास असलेली आजी. आजी रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घ्यायची. पोटातलं आम्ल हा आपला पहिला पहारेकरी, तो गोळीने झोपवलेला असला की थोडेसे जंतूही पुढे निसटतात. म्हणून मुलाचे कपडे वेगळे धुवायला, काही दिवस त्याने स्वयंपाकघरात हात न लावायला आणि पुतणीला कडेवर न घ्यायला सांगितलं. शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं.

घोड्यांच्या इस्पितळात साथ पसरते कशी, हे त्या पशुवैद्यांनी मला फोनवर अर्धा तास समजावलं. थर्मामीटर गुदद्वारातून लावतात, तो एका घोड्याचा दुसऱ्याला. नाकातून घालायची नळी. पाण्याची बादली. खराटा आणि फावडं. नाल्या. मदतनिसाचे बूट. आणि एक गोष्ट, जी मला माहीतच नव्हती: फरशी धुताना जोराच्या पाईपने पाणी मारलं की लीद तर उडून जाते, पण तिचे बारीक तुषार शेजारच्या कप्प्यात जातात. म्हणजे स्वच्छता करता करता जंतू वाटले जातात. वाळलेल्या लिदेत साल्मोनेला महिनोन्‌महिने टिकतो. लीद तशीच ठेवून वर ब्लीच ओतलं तर ते घाणीतच खर्ची पडतं. आधी साबणाने घासायचं, धुवायचं, वाळू द्यायचं, मग जंतुनाशक.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मानू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं न्यू बोल्टन सेंटर हे घोड्यांचं जगातलं एक नावाजलेलं इस्पितळ. २००३-०४ मध्ये तिथे बऱ्याच अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या साल्मोनेलाची साथ आली. ६१ जनावरांना लागण झाली, त्यात बहुतेक घोडे, आणि त्यांतली ३६ टक्के दगावली. २००४ मध्ये इस्पितळ बंद करून सगळं साफ करावं लागलं. एकूण फटका ४१ लाख डॉलरच्या वर गेला. मला यात कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. त्यांनी हे लपवलं नाही, आकड्यांसकट छापलं, त्यामुळेच मी आज तुम्हाला सांगू शकतोय.

चांगल्या घोडा-इस्पितळांत एक सोपा नियम असतो. ताप, जुलाब आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होणं, या तिन्हींपैकी दोन गोष्टी दिसल्या की घोडा लगेच वेगळ्या वॉर्डात. रिपोर्टची वाट बघायची नाही. आपल्या माणसांच्या वॉर्डात शेजारच्या कॉटवर जुलाब सुरू झाले तर असं कोण करतं? मी हे दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. माझ्या घरचंच सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझी आई जळगावला न्यूमोनियासाठी दाखल होती. दहा दिवस अँटिबायोटिकं चालली, छाती साफ झाली आणि घरी जायच्या आदल्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसाला दहा-बारा वेळा. मी, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेला डॉक्टर, म्हणालो, "औषधांची गर्मी असेल, दही-भात द्या." दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी तिचं पोट फुगलं तेव्हा मी शौचाची क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची तपासणी करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह आली. घोड्यांना होतो तोच. हा जंतू १९३५ पासून माहीत होता, पण अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबांचं कारण तोच, हे १९७८ मध्ये कळलं. मी एमबीबीएसला तो परीक्षेसाठी पाठ केला होता, आईच्या कॉटजवळ मात्र आठवला नाही.

त्या दोन दिवसांत मी दर वेळी तिला हात लावल्यावर खिशातल्या बाटलीतून सॅनिटायझर चोळत होतो आणि मनातून स्वतःवर खूश होतो. वॉर्डातल्या एका सिस्टरने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "सर, याला सॅनिटायझर चालत नाही. बेसिनवर जा." तिचं बरोबर होतं. हा जंतू बाहेर पडला की बी धरून बसतो. त्या बीवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणी त्याला मारत नाही, पण हातावरून धुऊन नेतं. मला शिकवण्याचा अधिकार त्या सिस्टरला तिच्या पगारात कुणी दिला नव्हता, तरी तिने शिकवलं. आधीचं अँटिबायोटिक बंद केलं आणि व्हँकोमायसिन, जे एरवी सलाईनमधून देतात ते, तोंडाने दिलं. आई बरी झाली. वजन परत यायला तीन महिने लागले.

म्हणून तुमचं माणूस इस्पितळात असेल आणि अँटिबायोटिक चालू असताना, किंवा बंद झाल्यावर महिना-दोन महिन्यांतही, दिवसाला तीन किंवा जास्त पातळ जुलाब झाले, तर 'गर्मी' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना आपणहून सांगा की अँटिबायोटिक झालं होतं. कॉटवर बसून खाऊ नका. आणि हात साबणाने धुवा, माझ्यासारखे बाटलीवर विसंबू नका.

आता घोडीकडे परत. ती माघात घरी होती, चारा खात होती, लीद घट्ट झाली होती, अंगावर चकाकी आली होती. माघ-फाल्गुनात अकरा लग्नांचा इसार घेतलेला. पशुवैद्य म्हणाले, लिदेची तपासणी वेगवेगळ्या दिवशी पाच वेळा निगेटिव्ह आल्याशिवाय तिला बाहेर काढू नका. वडील माझ्याकडे आले. मी पशुवैद्यांना समजवावं अशी त्यांची इच्छा होती. "धडधाकट दिसती साहेब. नवरदेव काय लीद खातो का?"

मी त्यांना विचारलं, नवरदेवापुढे घोडीवर कोण बसतं? ते गप्प झाले. आपल्याकडे वरातीत नवरदेवाच्या पुढ्यात भाऊ-बहिणीचं लहान मूल बसवतात. ते मूल आयाळ धरतं, मग तेच हात तोंडात घालतं. त्यांच्या घरातही दोन वर्षांची मुलगी होती.

त्यांनी अकराही इसार परत केले. ऑपरेशनचं कर्ज डोक्यावर असताना. मी त्यांना यात एक रुपयाचीही मदत करू शकलो नाही, फक्त फी घेतली नाही, आणि ते काही फार नव्हे. घोडीला गावाबाहेर एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. तिची बादली वेगळी, खराटा वेगळा, शेडबाहेर बुटांचा वेगळा जोड. आधी बाकीच्या जनावरांचं करायचं, हिचं सगळ्यात शेवटी. लीद उकिरड्यावर न टाकता वेगळी खड्ड्यात. हे सगळं त्या मुलाने केलं. दुसरी तपासणी पॉझिटिव्ह आली तेव्हा मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. पाच निगेटिव्ह व्हायला चैत्र उजाडला.

आखाजीला देवपूरकडे जाताना रस्त्यात वरात आडवी आली. बँड, धूळ, आणि मध्ये ती पांढरी घोडी, लगाम त्या मुलाच्या हातात. मी गाडीची काच खाली केली. त्याने ओळखलं, हसला आणि दोन्ही हात वर करून साबण चोळल्याची खूण करून दाखवली. क्षणभर लगाम सुटला म्हणून बाप ओरडला.

हे सांगितलं की मला नेहमी एक प्रश्न येतो: मग मुलांना लग्नात घोड्यावर बसवायचंच नाही का? बसवा की. ज्या घोडीला जुलाब चालू आहेत किंवा जी नुकतीच इस्पितळातून आली आहे, तिच्यावर नको. इतर वेळी खुशाल बसवा, आणि खाली उतरल्यावर बुंदीच्या लाडवाआधी हात साबणाने धुवा.